दहा दाखव!

गावंडे सरांच्या वर्कशॉपमधून घरी जायच्या आधी प्रत्येकाले दोन्ही हात वर करून दाखवा लागत. सर दारात उभे. पोट्टे एकामागं एक.

"दहा दाखव."

दाखवले.

"जा. पुढचा. दहा दाखव."

आमी फिटर ट्रेडचे वीस पोट्टे होतो. वीस जणांची दोनशे बोटं मोजल्याबिगर सरांनी आयटीआयच्या वर्कशॉपले कधी कुलूप लावलं नाई. ग्रीसनं बरबटलेला हात असला तर म्हणत, "पूस. मंग दाखव. काळ्यात काळं लपते." एकदा एका पोट्ट्यानं गंमत म्हणून अंगठा दुमडून नऊ दाखवले. सरांचा चेहरा असा पांढरा पडला, का थो पोट्टाच घाबरला आणि त्यानं दहाच्या जागी दोनदा दहा दाखवले.

गंमत अशी, का मोजणाऱ्याच्या हाताले नऊच होती. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मुळापासून गायब. कोणी म्हणे लेथमध्ये गेलं, कोणी म्हणे साप चावला तवा स्वतःच तोडलं. आमच्यातला एक तर शप्पथ घेऊन सांगे, का काकूनं रागात अडकित्ता चालवला. सरांना विचारायची कोणाची टाप नव्हती.

सरांचा दुसरा हुकूम होता, "हात काढ!" हा एवढ्या मोठ्यानं येई, का बाजूच्या इलेक्ट्रिशियनच्या वर्गातले पोट्टेही काम सोडत. मशीनवर कोणाचं काही चुकून राहिलं, का सर वर्गाच्या कोणत्याही कोपऱ्यातून गरजत, "हात काढ!" आणि विचार करायच्या आधी हात वर गेले पाहिजेत. कोणाले म्हटलं, काहून म्हटलं, हे मागून. पहिले दोन महिने सर आमच्याकडून फक्त हेच करून घेत. फाईल घासून राहिलो, "हात काढ!" डबा खाऊन राहिलो, "हात काढ!" माझ्या हातातली पोळी दोनदा मातीत गेली. नंतर नंतर तर झोपेतही हात वर जात, असं एका पोट्ट्याच्या आईनं सांगतलं.

आता मी पडलो नकल्या. तिवस्याच्या शाळेत हेडमास्तरची नक्कल करून मार खाल्लेला माणूस. गॅदरिंगमध्ये मी स्टेजवर चढलो, प्रिन्सिपॉल झालो, कॅन्टीनवाला झालो, आणि शेवटी एकदम गरजलो, "हात काढ!"

हॉलमधल्या सगळ्या फिटरवाल्यांचे हात वर. दोघांच्या हातातला चहा पुढच्या ओळीतल्या पाहुण्यांच्या टोपीवर. हॉल हसून हसून लोटपोट. गावंडे सर मात्र हसले नाईत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मले एकट्याले बोलावलं. म्हटलं, मेलो.

"पुन्हा कर," सर म्हणाले.

मी घाबरत घाबरत केलं.

"गळ्यातून काढून राहिला तू. दहा फुटांवर मरते असा आवाज. पोट वापर. आणि 'हात'वर जोर नको देऊ, 'काढ'वर दे. त्यानं आधी काढला पाहिजे, मंग समजला पाहिजे."

अर्धा तास त्यांनी माझ्याकडून त्यांचीच नक्कल घोटून घेतली. जाताना म्हणाले, "दहा दाखव, मिठ्ठू." तवापासून मी मिठ्ठू.

पुढं मी अकोल्यात मोटरसायकलच्या सर्व्हिस सेंटरवर लागलो. सर रिटायर होऊन तिथंच जठारपेठेतल्या घरी बसले. बसले म्हंजे, मासे धरायच्या चरख्या खोलून बसले.

गळाच्या दांडीवर जी चरखी असते, तंगूस म्हंजे गळाचा नायलॉनचा दोर गुंडाळायची, तिच्यातली ही जुन्या घाटणीची. ढोलकीवाणी गोल, दांडीच्या वर बसणारी, एका बाजूले हँडल. कोण्या जुन्या विद्यार्थ्यानं बिघडली म्हणून आणली, सरांनी खोलली, आणि आतली मशिनरी पाहून येडेच झाले. तिच्यात दात, तिच्यात ब्रेक, तिच्यात बेअरिंग. मुठीएवढ्या डब्यात अख्खी लेथ. मंग अमरावतीचे, अकोल्याचे गळवाले त्यांच्याकडे येऊ लागले. कंपनीनं दिलेला माल काढून त्यात बाहेरून मागवलेला चांगला माल बसवायचा. कार्बनचे वॉशर, लांब हँडल, हलके बेअरिंग. सर स्वतः मासा खात नसत. काटा लागते म्हणत.

बाहेरच्या मालावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पाकिटावर चरखीचं नाव छापलेलं असलं तरी खिशातला व्हर्निअर काढून प्रत्येक वॉशर मोजत. गिऱ्हाईक म्हणे, "सर, त्याच चरखीचं हाय ना, लिहिलंय." सर म्हणत, "पाकीट बसवाचं हाय का आत?"

एकदा एक बँकेतले साहेब आले. चमचमीत पिशवीभर माल घेऊन. म्हणाले, ब्रेक असा कडक करा, का म्हैस बांधली तरी तंगूस सुटला नाई पाहिजे.

सरांनी चरखी खोलली, आतलं पितळेचं चाक त्यांच्या तळहातावर ठेवलं. "याचे दात मोजा."

साहेबांनी इमानदारीत मोजले.

"ब्रेक कडक केला, का सगळा भार यांच्यावर येते. हे सोलून निघतीन. यांना स्टीलचं केलं, का भार खटक्यावर. खटका जाड केला, का बाजूच्या पत्र्यावर. एक पहेलवान झाला, का शेजारचा मरते. तुमाले म्हैस बांधाची हाय का मासा धराचा हाय?"

साहेब पिशवी घेऊन उठले. सरांनी त्यांना दारातून परत बोलावलं. मले वाटलं माफी मागतीन. म्हणाले, "दहा दाखवा." साहेबांनी भर बँकेत दाखवावे तसे लाजत दाखवले.

हा जो खटका म्हटला सरांनी, तो ध्यानात ठेवा. चरखीच्या आत स्टीलचा एक दात असते, नखाएवढा. हँडलले पुढं फिरू देते, पण मागं फिरू देत नाई, तो हा. त्याच्या मागं तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी स्प्रिंग, त्याले दाबून धराले. मासा ताकदीनं ओढून राहिला आणि खटका सुटला, तर हँडल उलटं पंख्यावाणी फिरते. आणि तिथंच माणसाची बोटं असतात.

चरखी खोलताना निघालेला एकेक भाग सर इडलीपात्रात ठेवत. हो, इडलीच्याच. सात खळग्यांची ताटली, कडीजवळचा खळगा पहिला, तिथून घड्याळासारखं फिरत जायचं. बसवताना उलटं यायचं. नवा माल त्या त्या खळग्यात, जुना माल काडेपेटीत. शेवटी खळगे रिकामे झाले, का काम झालं.

काकू म्हणत, "बाबू, या घरात इडली होऊन तीन वर्सं झाले. मागच्या वेळी सांबारात बेअरिंग निघालं."

"बेअरिंगले काही झालं नाई ना?" सर म्हणत.

पण हे तवा, जवा सरांना आवाज होता. मंग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. राहिली ती फुसफुस, सायकलच्या ट्यूबमधून हवा निघते तशी. ज्या माणसाच्या हाकेनं दोन वर्ग हात वर करत, त्याले आता दूधवाल्याले थांबवाले ताटली वाजवा लागे. मी शनिवारी ड्युटी संपली, का त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. त्यांना हसवू लागलो. काम करताना बोलायचं नाई हा त्यांचा जुना नियम. पण आधी ते "चूप!" म्हणत आणि भिंत चूप होई. आता त्यांची फुसफुस माझ्या बडबडीत मलेच ऐकू येत नसे. खरं सांगतो, ऐकू आली तरी मी थांबत नसो.

त्या शनिवारी टेबलावर निलेशची चरखी होती. निलेश माझ्या पाच वर्सं आधीचा, सरांचा विद्यार्थी. अमरावतीत स्वतःची लेथ टाकलेला. हाताचा असा साफ, का सर त्याचं नाव वर्गात देवासारखं घेत. तिवस्याच्या पुढं आडवाटेले एक तलाव हाय, तिथल्या एका कटला माशानं त्याचा तंगूस दोनदा तोडून नेला होता. निलेश त्याच्या मागं हात धुऊन लागला होता. म्हणून कार्बनचे वॉशर, म्हणून दुप्पट लांब हँडल, म्हणून नवा खटका.

सर बसवून राहिले होते. मी समोर बसून प्रिन्सिपॉलची नक्कल करून राहिलो होतो. प्रिन्सिपॉल पावसात भिजलेली फाईल वाळवतात, ती. सरांना हसू आवरेना. आवाजाबिगर हसले, का त्यांचे नुसते खांदे हलत आणि डोळ्यातून पाणी येई. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चरखी बंद केली. टेबलावरच्या व्हाइसमध्ये धरली, तंगुसाले ताणकाटा लावून ओढली. बारा किलोपर्यंत हँडल ढिम्म. संध्याकाळी निलेशनं येऊन दहा दाखवले आणि चरखी घेऊन गेला.

रविवारी सकाळी काकूनं मले इडली खाले बोलावलं होतं. लेक येणार होती नाशिकहून, म्हणून इडलीपात्र जप्त झालं होतं. मी पायरीवर बूट काढून राहिलो, तवा आतून काकूचा आवाज आला.

"अहो, हे काय चिकटलं बुडाले? सातव्या खळग्यात?"

मी आत गेलो तं सर मोरीजवळ उभे. तळहातावर ग्रीसमध्ये माखलेली एवढीशी स्प्रिंग. खटक्याची.

"पण काल तं ओढून पाहिली ना सर," मी म्हटलं. "बारा किलो."

सरांनी काडेपेटी उचलली, स्क्रूड्रायव्हरचं टोक खटक्यासारखं तिच्या कडेवर टेकवलं. उभी धरली, टोक आपल्या वजनानं टेकून राहिलं. आडवी केली, टोक निसटलं. टेबलावर चरखी उभी होती, म्हणून खटका वजनानं बसला होता. तलावावर मासा डावीकडं पळाला, दांडी आडवी झाली, का खटका सुटणार. आणि हँडल आता दुप्पट लांब.

निलेशचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्याच्या बायकोले लावला. ती म्हणाली, "थे तं पहाटेच गेले भाऊ. तिथं रेंज नसते ना. तलावाच्या चौकीदाराचा नंबर हाय, पण तोही लागून नाई राहिला."

सरांनी शर्ट घातला, स्क्रूड्रायव्हर खिशात, स्प्रिंग कागदाच्या पुडीत. काकूनं गॅस बंद केला.

अकोल्याहून तिवसा म्हंजे अख्खी अमरावती पार करून पुढं. मी आयुष्यात गाडी तशी चालवली नाई. मागं सर, दोन्ही हातांनी माझे खांदे धरून, उजवीकडं पाच बोटं, डावीकडं चार. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर आलं. मधात सर कानाशी काही बोलून राहिले, पण हेल्मेट आणि वारा, एक अक्षर कळेना. मूर्तिजापूरच्या पुढं पेट्रोल भराले थांबलो. मी म्हटलं, "सर, काय म्हणत होते?"

"हे," त्यांनी डावा हात पुढं केला. "बाविसाव्या वर्षी. कारखान्यात मशीनच्या पट्ट्यावरची जाळी मीच काढली, मीच लावली. एक नट खिशात राहिला. संध्याकाळी जाळी निसटली." पाणी प्याले. "माझं मीच लावलेलं होतं, माझ्याच हातावर आलं. चाललं. पण निलेश..."

पंपवाल्या पोट्ट्यानं टाकीचं झाकण लावलं तर सरांनी वाकून तेही फिरवून पाहिलं.

बडनेरा. अमरावतीच्या बाहेरून. नांदगाव पेठ. मोझरी. डोक्यात एकच चालू होतं, का प्रिन्सिपॉलची फाईल मी जरा कमी वाळवली असती तर. तिवसा सोडलं, डांबर संपलं, काळ्या मातीची वाट लागली. दर दहा मिनिटाले फोन लावून पाहत होतो. तीच बाई, तेच वाक्य. तिचीही नक्कल मले येते. त्या दिवसापासून करत नाई.

तलावाच्या पाळीवर गाडी चढली आणि मी ब्रेक मारला.

निलेश दिसला. पण पाण्याच्या पलीकडं. तलावाची एक चिंचोळी जीभ आत घुसलेली, तिच्या त्या काठाले. वळसा घालून जायचं तर पाव तास. त्यानं जमिनीत लोखंडी पाइप ठोकला होता, त्यात दांडीचं बूड, डावा हात दांडीवर, उजवा हँडलवर. दांडी पार वाकलेली. कटला लागला होता.

निलेश जीव लावून फिरवून राहिला होता. दांडी उभी होती अजून. पाण्यात मोठी चकरी उठली आणि तंगूस हळूहळू डावीकडं सरकू लागला.

सर गाडीवरून उतरले, पाळीच्या टोकाले गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले. मी बाजूलेच होतो. फुस्स. फक्त हवा. गळ्याच्या शिरा तटतटल्या, तोंड लाल झालं, आणि पाण्यावरचा बगळाही हलला नाई. पुन्हा एकदा. पुन्हा हवा.

मंग त्यांनी मागं वळून पाहिलं. माझ्याकडं. दांडी झुकून राहिली होती.

पोट वापर. 'काढ'वर जोर.

"हात काढ!"

आवाज माझ्या तोंडून निघाला, पण माझा नव्हता. आयटीआयच्या पत्र्याखाली गरजायचा तोच. पाण्यावरून गेला, पलीकडच्या बाभळींवर आदळून परत आला.

निलेशचे दोन्ही हात वर. विचार नाई, प्रश्न नाई. दहा बोटं उघडी, पोलिसानं बंदूक धरल्यासारखी.

त्याच क्षणी दांडी आडवी झाली. हँडल दिसेनासंच झालं. नुसतं एक पांढरं गोल आणि भिंगरीसारखी किर्रर्र, या काठापर्यंत ऐकू आली. निलेशचा दुपट्टा दांडीले बांधलेला होता, त्याचं टोक त्या गोलात गेलं आणि अख्खा दुपट्टा चर्रकन ओढला जाऊन चिंध्या झाल्या. मंग फटाक. तंगूस तुटला. पाणी सपाट.

निलेश हात वर करूनच उभा होता.

"कोन बे थो!" तिकडून ओरडला. "मासा गेला ना लेका! कोन हाय?" मंग डोळ्यावर हात धरून पाहिलं. "सर? सर, तुमी?"

मंग खाली वाकून त्यानं दुपट्ट्याच्या चिंध्या उचलल्या. मंग बसलाच.

आमी वळसा घालून पोचलो, तवाही तो तसाच बसलेला. सरांनी चरखी काढली, मातीत रुमाल अंथरला, पुडी उघडली. त्यांचे हात स्थिर होते. स्प्रिंग बसवली. चरखी बंद केली. उभी धरून हँडल मागं ओढलं. आडवी. दुसऱ्या बाजूनं आडवी. पालथी. चारी बाजूंनी खटका बसला.

"काल हे मी एकाच बाजूनं केलं," निलेशले म्हणाले. "माझं चुकलं."

मी वाट पाहून राहिलो, का आता माझं नाव येईन. आलं नाई. शेवटी मीच म्हटलं, "सर, मी बडबड करून राहिलो होतो तवा."

"स्क्रूड्रायव्हर कोणाच्या हातात होता?" सर म्हणाले. मंग निलेशकडं वळले. "दहा दाखव."

निलेशनं दाखवले. सरांनी एकेक बोट धरून मोजलं. दहापर्यंत आले, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. निलेश हसायच्या बेतात होता, पण सरांचे डोळे पाहून त्यानं हात तसेच पुढं धरून ठेवले. दुसऱ्यांदा दहा झाले तरी सरांनी ते शेवटचं बोट सोडलं नाई, तसंच धरून बसले.

त्या दिवसानंतर नियम कडक झाले. चरखी चारी बाजूंनी ओढल्याबिगर बाहेर जाईना. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं इडलीपात्र ताटावर पालथं घालायचं, काही पडलं नाई तरच चरखी उचलायची. आणि माझ्यासाठी दारात पाटी, "काम चालू असता मिठ्ठू बंद." मी पायरीवर बसू लागलो. आत काम संपलं, का सर ताटली वाजवत. मंग मी आत.

दिवाळीच्या आधी लेक आणि जावई त्यांना नाशिकले न्याले आले. गळ्याची तपासणी तिकडंच करायची, आता इथं कोण पाहणार, असं ठरलं होतं. काकूनं पोळपाट घेतला, चकलीचा साचा घेतला. इडलीपात्र मले देऊन टाकलं. "घेऊन जाय बाबू, नाही तं थे तिकडंही दुकान मांडतीन."

सर मागच्या सीटवर खिडकीशी बसले. काच खाली, डावा हात काचेच्या फटीवर, चार बोटं बाहेर. त्यांना काही सांगायचं होतं, मी वाकलो. तेवढ्यात समोरून जावयानं एसीसाठी बटण दाबलं. काच वर येऊ लागली. सरांचं लक्ष माझ्याकडं.

"हात काढ!"

अख्ख्या जठारपेठेनं ऐकलं असन. समोरच्या किराणावाल्याच्या हातातली साखरेची पुडी पडली. आणि सरांचे दोन्ही हात वर. विचार नाई, प्रश्न नाई. काच वर जाऊन बंद झाली.

आत सरांचे खांदे हलून राहिले होते. गाडी सुटली. मागच्या काचेतून त्यांनी दोन्ही हात लावून दाखवले, नऊ. मी रस्त्यावर इडलीपात्र बगलेत दाबून, माझे दहा दाखवत उभा राहिलो.